गटाराची साक्ष

शेजारच्या घरांत कोण आजारी आहे, हें जाणण्याचा हक्क नगरास आहे काय? १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या वेळीं सरकारनें या प्रश्नाचें उत्तर घरोघर गोरे शिपाई घालून दिलें. कांहीं रोगी सांपडले. पण लोकांचा विश्वास उडाला, व भीतीपोटीं रोगी लपविले जाऊं लागले.

आतां उंबरठा न ओलांडतां रोगाचा माग लागतो. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्यांत पोलिओचा विषाणू शोधला जाऊं लागला. लागण झालेल्या सुमारें २०० जणांत एखाद्याचेच अवयव लुळे पडतात. बाकीच्यांच्या आंतड्यांतून विषाणू मुकाट्यानें गटारांत उतरतो. वैद्यास जें दिसत नाहीं तें गटार सांगतें, आणि कोणाचें नांव घेत नाहीं.

परंतु हें सौजन्य गटाराचें नव्हे, गर्दीचें आहे. नमुना घेण्याची जागा जसजशी घराकडे सरकते, तसतसें बुडालेलें नांव वर येतें. २०२० सालीं अमेरिकेंतील अॅरिझोना विद्यापीठांत एका वसतिगृहाच्या सांडपाण्यांत कोरोनाचा विषाणू आढळला. लागलीच ३११ जणांची तपासणी झाली; दोघे बाधित निघाले. त्यांना कसलेंही लक्षण नव्हतें. लाभ उघड आहे. पण गटारानें येथें बोट दाखविलें, हेंही तितकेंच उघड आहे.

कोणी म्हणेल, टाकलेल्या पाण्यावर हक्क कसला? आम्हांस हें पटत नाहीं. कोणत्या वस्तीस लस पोंचवावी एवढें कळावें, कोणत्या दारावर खूण करावी हें कळूं नये, इतक्या अंतरावरूनच नमुना घ्यावा. त्याहून जवळ जाणें असेल, तर आधीं कडी वाजवून घरधन्याची संमति घ्यावी. मोरींत पाणी टाकलें म्हणून माणसानें त्याबरोबर आपली अब्रूही टाकली, असें होत नाहीं.