आधी भाकर, मग उपदेश



१० सप्टेंबर हा दिवस २००३ सालापासून जगभर ‘आत्महत्या प्रतिबंध दिन’ म्हणून पाळला जातो. आपल्या घरांत मात्र हा विषय निघाला की आवाज खाली येतो. ‘लोक काय म्हणतील?’ आणि ‘चर्च काय म्हणेल?’ या दोन प्रश्नांनी अनेकांची तोंडे बंद होतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐका. जीवन हे देवाचे दान आहे. आपण त्याचे मालक नव्हे, राखणदार आहोत. ही शिकवण कायम आहे. परंतु तीव्र मानसिक व्याधी, भीती किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाची आशा आपण सोडू नये, असे १९९२ च्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथात (परिच्छेद २२८२-८३) शिकवले आहे. अशांना ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा जुना नियमही १९८३ च्या धर्मसंहितेत उरलेला नाही. तेव्हा शोक करणाऱ्या घराकडे बोट दाखवू नका, त्या घरी जा.

संदेष्टा एलिया आठवा (१ राजे १९). कार्मेल डोंगरावर विजय मिळवलेला हा देवमाणूस रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. त्याची श्रद्धा कमी होती काय? नाही, तो थकला होता, एकटा होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला स्पर्श केला, भाजलेली भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाची वाणी त्याने ऐकली ती नंतर, होरेब डोंगरावर.

आपणही तसेच करू या. कोणी जेवण-झोप टाकली, बोलणे तोडले, ‘माझा सर्वांना भार झालाय’ असे म्हटले, तर जवळ बसा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नका. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मानतो आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवतो. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे.

आणि ज्याला स्वतःलाच हे ओझे सोसवत नसेल, त्याने मिस्सा संपण्याची वाट पाहू नये. धर्मगुरूंच्या निवासाचे दार वाजवा. प्रार्थना आणि औषध यांत भांडण नाही. दोन्ही एकाच देवाच्या हातून येतात.

प्रभू तुम्हांला सांभाळो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू