सुटींत घरीं आलेलीं थोरलीं मुलें

वैशाखाच्या सुटींत वसमत, कळमनुरी, औंढा या तालुक्यांतील घरें पुन्हां भरतात. शिक्षणास वा नोकरीस नांदेड-पुण्यास राहणारीं थोरलीं मुलें येतात. धाकटीं घरींच असतात. हळदीचेहि हेच दिवस. शिजविलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हांत वाळवावी लागते, आणि आभाळ भरून आलें कीं ताडपत्री घेऊन धांवावें लागतें. (वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, धांवाधांव मात्र होती तशीच आहे.)

अशा वेळीं आम्हीं एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. वीस वर्षांचा मुलगा अंथरुणावर पडलेला असतो, आणि पंधरा वर्षांची बहीण खळ्याकडे धांवते. आई म्हणते, "तो चार दिवसांसाठीं आला आहे, निजूं द्या." यांत माया आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती माया कोणाच्या श्रमांवर उभी आहे?

वयांत आलेल्या मुलास आज्ञा करण्याचा अधिकार बापास उरतो काय? आमच्या मतें फारसा उरत नाहीं. परंतु आज्ञा करणें निराळें, व मदत मागणें निराळें. ज्यास आपण कांहींच काम सांगत नाहीं, त्यास आपण पाहुणा करून ठेवितों. आणि पाहुण्याचें घर दुसरीकडे असतें. मुलीच्या विश्रांतीचा विचार मात्र कोणी करीत नाहीं, कारण ती घरची. आणि तीच उद्यां परघरीं जाणार, असें तेंच तोंड म्हणतें!

तेव्हां बापानें मुलास खुशाल उठवावें. हुकूम नको. "आभाळ आलें आहे, ताडपत्रीचें एक टोंक धर," इतकें पुरे. दुसरें टोंक बहिणीनें केव्हांच धरिलें असेल.