आधी जतन, मग निदान

रोग ओळखला की अर्धे काम झाले, असे आपण मानतो, आणि बहुधा ते खरेही असते. परंतु निदानाच्या खटपटीतच रोगी दगावण्याची भीती असेल, तर आधी काय करावे? गेल्या उन्हाळ्यात नंदुरबारास आमच्या घरच्या संगणकाने हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला.

वैशाखात तो मंदावला. एखादे छायाचित्र उघडावयास मिनिट मिनिट लागे, आणि मधूनच आतून टकटक ऐकू येई. ‘उन्हाची तलखी यंत्रालाही बाधणारच,’ असे म्हणून आम्ही महिनाभर स्वस्थ राहिलो. आमच्याकडचे ऊन ह्या कामी फार सोयीचे आहे. स्वतःचा आळस त्याच्या माथी खुशाल मारता येतो. संगणकाने सुरू होताना धोक्याची सूचनाही दाखविली होती. ती आम्ही न वाचताच दूर केली.

त्याच्या हार्ड डिस्कवर आमच्या मातुःश्रींचा आवाज होता. जात्यावरच्या अहिराणी ओव्या त्यांनी एका दुपारी म्हणून दाखविल्या, त्या धाकट्या चिरंजीवाने टिपून ठेवल्या होत्या. मातुःश्री आता नाहीत, आणि त्या ओव्यांची दुसरी प्रतही नव्हती.

टकटक वाढली तेव्हा घरात दोन पक्ष पडले. डिस्कची संपूर्ण तपासणी करून दोष नेमका शोधावा, असे थोरल्याचे म्हणणे. आधी ओव्यांची प्रत करावी, असे धाकट्याचे. थोरल्याचे म्हणणे शास्त्रीय वाटले, तरी धाकट्याचे बरोबर होते. डिस्कमधील तबकडी मिनिटास बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि तिच्यावरून वाचणारे टोक इतक्या थोड्या अंतरावर तरंगते की केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरावी. संपूर्ण तपासणीत तबकडीचा प्रत्येक कण वाचावा लागतो. टोक जायबंदी असेल, तर त्या श्रमानेच उरलेसुरले खरवडले जाण्याचा संभव असतो.

डिस्क आपल्या दोषांची नोंद स्वतःही ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि ती पाहण्यास फारसे श्रम पडत नाहीत. पण तिच्यावरही सर्वस्वी विसंबता येत नाही. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक डिस्कांच्या नोंदीत दोषाची एकही खूण आढळली नव्हती. आणि उष्णतेचा व बिघाडाचा संबंधही समजतात तितका दृढ दिसला नाही. आमच्या उन्हाचा आधारही असा गेला.

विषारी बाण लागलेला मनुष्य बाण मारणाऱ्याची जात आणि धनुष्याचे लाकूड कळेपर्यंत शल्य काढू देईना, हा भगवान बुद्धांनी मालुंक्यपुत्तास दिलेला दृष्टान्त वाचकांस ठाऊक असेल. आम्हांस वाटते, अशा वेळी आपण ज्यास जिज्ञासा म्हणतो, ती पुष्कळदा दोषी शोधण्याची हौस असते. यंत्र कोणी आपटले? वीज गेली तेव्हा ते कोणी चालू ठेवले? उत्तर मिळाले म्हणजे मनास हलके वाटते. पण ओव्या वाचत नाहीत. घरातील आजारपणात आणि भाऊबंदकीतही हेच घडते.

ह्याचा अर्थ निदान व्यर्थ आहे, असा नव्हे. दोष केवळ सैल झालेल्या तारेचा आहे काय, एवढे आधी पाहिलेच पाहिजे; आणि कारण कधीच न शोधणारा पुन्हा तेथेच ठेचाळतो. कृतीस पुरेल एवढे ज्ञान आधी, समाधानास पुरेल एवढे मागाहून, हा क्रम मात्र सुटता कामा नये.

आम्ही प्रत करावयास घेतली. अकरा ओव्यांपैकी सात हाती आल्या. आठवीच्या मध्यावर डिस्क थांबली, ती पुन्हा बोलली नाही. त्यानंतर निदानास सवड भरपूर होती, पण त्याची गरज उरली नव्हती. यंत्राने महिनाभर आधी सांगितले होते, आणि आम्ही ऐकले नव्हते.