नोंदवहीतील सत्य

ज्या असत्याने कोणाचेही नुकसान होत नाही, ते असत्य क्षम्य मानावे काय? हा प्रश्न आमच्यापुढे ग्रंथातून नव्हे, तर एका तलावाच्या काठी उभा राहिला.

शाळेच्या शेवटच्या वर्षी आम्हां विद्यार्थ्यांकडे गावाबाहेरील तलावाच्या पाण्याचे तापमान महिनाभर रोज सूर्योदयापूर्वी मोजून वहीत लिहिण्याचे काम होते. बालाघाटची पौषातील थंडी, त्यात वैनगंगेकडून येणारा बोचरा वारा! एके पहाटे आम्ही अंथरुणातून उठलोच नाही. आदल्या दिवशीच्या आकड्यातून अर्धा अंश वजा करून तोच वहीत लिहिला. गुरुजींनी शाबासकी दिली. कोणाचे काहीच बिघडले नाही. वडिलांना हे कळले तेव्हा ते रागावले नाहीत. पूजेस बसताना एवढेच म्हणाले, "अरे, संकल्पात आपण रोज देश आणि काल उच्चारतो. उद्या मी पंचांग न पाहता कालचीच तिथी म्हटली, तर चालेल का?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

पुढे वाचनात एक वृत्तांत आला, त्यात ते उत्तर सापडले. आपल्याकडील तलाव गोठत नाहीत. परंतु शीत देशांतील विद्यार्थी गोठलेल्या सरोवरावर चालत जातात, बर्फास भोक पाडतात आणि दोरीने तापमापक खाली सोडतात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून ते तळाशी राहते. हलका बर्फ वर तरंगतो आणि त्याच्या आश्रयाने खाली मासे जगतात. ईश्वराची ही योजना पाहून कोणाचे मस्तक नमणार नाही?

अशा सरोवरांच्या नोंदींपैकी एक अतिप्राचीन नोंद जपानमधील सुवा सरोवराची आहे, आणि ती ठेवली आहे देवळाच्या पुजाऱ्यांनी! इ. स. १४४३ पासून. रात्रीच्या थंडीने बर्फ आकसून भेगा पडतात. भेगांत शिरलेले पाणी गोठते. दिवसा बर्फ प्रसरण पावला की त्याचा उंच कणा वर उठतो. तेथील भाविक मानतात की, एका काठावरील देव पलीकडच्या देवीच्या भेटीस गेला, त्याचीच ही वाट. पुजारी दरवर्षी पहाटे काठावर जाऊन पाहत आणि लिहून ठेवीत.

ज्या वर्षी तळे गोठले नाही, त्या वर्षी देव आला नाही असे लिहिताना भक्ताचा हात किती जड झाला असेल! तरी त्यांनी तसेच लिहिले. म्हणूनच २०१६ साली शास्त्रज्ञांना सांगता आले की, पहिल्या सुमारे २५० वर्षांत तळे न गोठल्याची वर्षे अवघी ३ होती, तर २००५ ते २०१४ या दहाच वर्षांत ती ५ झाली. २०१८ नंतर तर कित्येक हिवाळे ती वाट उमटलीच नाही. पृथ्वी तापत असल्याची साक्ष देवळाच्या वहीने दिली.

त्या पुजाऱ्यांना शास्त्रज्ञ ठाऊक नव्हते. ते देवासमोर लिहीत होते. एखाद्याने थंडीला कंटाळून 'गोठले' असे लिहिले असते, तर त्याच्या हयातीत कोणाचेच नुकसान झाले नसते. नुकसान झाले असते ते अद्याप न जन्मलेल्यांचे. यावरून आम्हांस वाटते की, निरुपद्रवी असत्य असे काही नसतेच. ज्याचे नुकसान होते तो मनुष्य आपल्या दृष्टीस पडत नाही, इतकेच. देवस्थानचा जमाखर्च असो, दुकानाची खातेवही असो वा मुलाची जन्मनोंद असो, वही ही विश्वासाने सोपविलेली ठेव आहे.

ती जुनी वही आम्ही माळ्यावरून शोधून काढली. तो आकडा खोडला आणि त्यापुढे लिहिले: "या दिवशी गेलो नाही."