दुसरी गाठ

आत्याने भाकरी सोडली तेव्हा घरात कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. पवन मावळात इंद्रायणी तांदळाची वानवा नाही. आधी मऊ भात, मग आमटीत कालवलेला, शेवटी पेज, असा तिचा आहार उतरत गेला. "घास छातीत अडतो गं," असे ती बोलून दाखवेपर्यंत तीन महिने उलटले होते. मिश्री लावण्याची तिची सवय चाळीस वर्षांची.

तळेगावला दुर्बिणीने तपासणी झाली. अन्ननलिकेच्या मध्यावर कर्करोगाचा व्रण दिसला. पण डॉक्टर तेथे थांबले नाहीत. अरुंद झालेल्या जागेतून त्यांनी बारीक दुर्बीण पुढे नेली. जठराच्या वरच्या भागात, अस्तराखाली, सुपारीएवढा गुळगुळीत उंचवटा होता.

सारे त्या उंचवट्यावर अवलंबून होते. तो पहिल्या रोगाचाच प्रसार असता, तर शस्त्रक्रियेचा विचार जवळजवळ संपला असता. एकाच देहातील दोन कर्करोग स्वतंत्र केव्हा मानावेत, याचे निकष वॉरेन आणि गेट्स यांनी १९३२ मध्ये मांडले. त्यांतला कळीचा निकष हाच, की एक गाठ दुसरीचा प्रसार नसावी. वरवरच्या तुकड्यात अशी गाठ बहुधा हाती लागत नाही, म्हणून सुईने खोलवरचा नमुना घेतला. ती 'गिस्ट' निघाली. पचनमार्गाची लय राखणाऱ्या पेशींच्या कुळातली ही गाठ. तिच्या मुळाशी बहुधा 'किट' जनुकातील बदल असतो, हे जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. मिश्रीचा दोष पहिल्या गाठीपुरताच, हे कळल्यावर आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे सगळंच काय माझ्या हातचं नव्हतं."

अन्ननलिका काढल्यावर तिच्या जागी बहुधा जठराचीच नळी करून वर ओढतात. जठरातील गाठ आधी कळली, म्हणूनच ती वगळून नळी आखता आली आणि दोन्ही गाठी एकाच शस्त्रक्रियेत निघाल्या.

पहिले उत्तर सापडले की मन विसावते. डॉक्टरांचे विसावले नाही; आमचे मात्र विसावले होते. भाकरी अडते, तर भात; भात अडतो, तर पेज. आम्ही तिची सेवा करत होतो आणि त्याच सेवेने रोग झाकत होतो, हे मला अजून सलते.

आपल्या घरातील वडीलधारे माणूस भाकरी कुस्करून खाऊ लागले, तर भात मऊ शिजवण्याआधी घास नेमका कुठे अडतो ते विचारा, आणि त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी करून घ्या.