बांधलेल्या प्राण्याचें ऋण

कांचेच्या पेटींत शोभेचे मासे पाळण्याची हौस सातारा व सांगली येथील घरांतून आतां खेडेगांवांतहि आली आहे. तेव्हां असा प्रश्न उत्पन्न होतो कीं, केवळ डोळ्यांच्या सुखासाठीं जिवंत प्राण्यास कोंडून ठेवणें ख्रिस्ती मनुष्यास योग्य आहे काय? कोणी म्हणतात, देवानें मनुष्यास माशांवर सत्ता दिली आहे, मग दोष कसला? कोणी म्हणतात, कोंडणें हेंच पाप. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत.

हौशी लोक पाळतात त्या विजेच्या माशाचें उदाहरण घेऊं. हा नील नदींत व आफ्रिकेच्या इतर उष्ण नद्यांत राहतो. अंगावर खवले नाहींत, तोंडाभोंवतीं मिशा. म्हणजे आपल्या कृष्णेंतील शिंगाळ्याचा हा दूरचा भाऊबंदच. याच्या कातडीखालीं वीज उत्पन्न करणारें इंद्रिय असतें, व मोठा मासा सुमारें ३५० व्होल्टांचा धक्का देऊं शकतो. मिसर देशांत सक्कारा येथील एका कबरेंत याचें चित्र सुमारें ४,४०० वर्षांपूर्वीं कोरलेलें आहे. म्हणजे मोशेच्या पुष्कळ पूर्वींपासून लोक यास ओळखीत होते.

सोबतच्या माशांस हा मारतो, म्हणून यास एकटेंच ठेवावें लागतें. विकत आणतांना तो वीतभर असतो, पुढें हातभर व त्याहूनहि मोठा होतो. देवानें त्यास शत्रूविरुद्ध एवढें शस्त्र दिलें. परंतु पाणी बदलण्यास विसरणाऱ्या धन्यापुढें तें शस्त्र व्यर्थ आहे.

येथेंच प्रश्नाचें मर्म आहे. मोकळा प्राणी आपलें अन्न देवाच्या हातून शोधून घेतो. ज्यानें त्यास दावें लाविलें, त्यानें तें पुरविण्याचें काम आपल्या शिरावर घेतलें. सत्ता म्हणजे हेंच ऋण होय, आणि तें प्राण्याच्या मरणापर्यंत फिटत नाहीं.

कंटाळा आला म्हणजे कित्येक जण मासा नदींत सोडतात व त्यास दया म्हणतात. परंतु पेटीसाठीं आणलेला परदेशी सकर मासा आज उजनीच्या जलाशयांत भोयांच्या जाळ्यांत येतो, आणि त्याच्या कठीण कांट्यांनीं जाळीं फाटतात. आपला भार गरिबाच्या जाळ्यांत टाकणें ही दया नव्हे.

परंतु बंधुभगिनींनो, कांचेच्या पेटीकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपण आपल्या अंगणाकडे पाहूं. आठवड्याच्या बाजारास कोंबड्यांचे पाय बांधून, डोकें खालीं लोंबतें ठेवून कोण नेतो? चैत्राच्या उन्हांत बैल तहानेला असतां प्रार्थनेस वेळेवर कोण येतो? ज्यास शेवटपर्यंत सांभाळवत नाहीं त्यानें प्राणी आणूं नये. आणि जो आधींच दावणीस आहे, त्यास पाणी दाखवून मगच उपासनेस यावें. मंडळीच्या शिक्षकांनीं हें मुलांस शिकवावें.