बंदूक, कॅमेरा आणि पाखरू



इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायरमधील बेम्प्टन येथे, खडूच्या पांढऱ्या दगडाचे सुमारे १०० मीटर उंच कडे आहेत. दरवर्षी विणीच्या हंगामात तेथे सुमारे पाच लाख समुद्रपक्षी जमतात. माथ्यावरून पायवाट जाते. वाऱ्यात माणसाला उभे राहणे कठीण. पण त्याच वाऱ्यावर गॅनेट पक्षी पंख न हलवता तरंगतो. त्याच्या पंखांचा पसारा जवळजवळ दोन मीटर! त्याला टिपण्यासाठी कॅमेरे घेऊन लोक दुरून येतात.

एके काळी याच किनाऱ्यावर माणसे बंदुका घेऊन येत. केवळ मौजेखातर आणि टोप्यांवरील पिसांसाठी पक्षी मारले जात. मागे राहिलेली पिल्ले उपाशी मरत. शेजारच्या ब्रिडलिंग्टनचे अँग्लिकन धर्मगुरू बार्न्स-लॉरेन्स यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १८६९ साली ब्रिटिश संसदेने विणीच्या काळात समुद्रपक्ष्यांना मारण्यास बंदी घालणारा कायदा केला.

बंदूक गेली, कॅमेरा आला. पण एवढ्याने आपले पाहणे निर्दोष झाले का?

गिलेमॉट नावाचा पक्षी घरटे बांधत नाही. कड्याच्या अरुंद कपारीत, उघड्या दगडावर तो एकच अंडे घालतो. जवळून फोटो मिळावा म्हणून कोणी ड्रोन उडवला, तर पक्षी घाबरून उठतो आणि अंडे घरंगळते किंवा दुसरा पक्षी ते पळवतो. फोटो मात्र सुंदर येतो. त्यात पसरलेले पंख दिसतात, फुटलेले अंडे दिसत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते, जे नुसते पाहण्याने आनंद देते ते सुंदर. अन्नाची ओढ ते खाल्ल्याशिवाय शमत नाही. सौंदर्याची ओढ पाहण्यातच शमते. मग पाहूनही ज्याचे समाधान होत नाही, त्याला सौंदर्य हवे आहे की मालकी?

कोणी म्हणेल, "फादर, फोटोमुळेच तर लोकांना पाखरांविषयी प्रेम वाटते." खरे आहे. आपल्यापैकी बहुतेकांना गॅनेट फोटोतच भेटणार. दोष कॅमेऱ्याचा नाही. म्हणून फोटो काढणाऱ्याने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: हा फोटो कोणाला दाखवता येणार नसता, तरी मी इथे थांबलो असतो का? आणि मी गेल्यावर पाखरू होते तिथेच आहे का? दुःखात बसलेल्या माणसासमोर मोबाईल उचलतानाही हेच प्रश्न लागू पडतात.

प्रभूने आपल्याला आकाशातील पाखरांकडे पाहायला सांगितले. हिवाळ्यात आपल्याही किनाऱ्यावर लांबच्या मुलखातून कुरव पक्षी येतात. उडता थवा फोटोत यावा म्हणून मुले त्यांच्या अंगावर धावतात आणि दमलेली पाखरे विसाव्यावरून उठतात. या वर्षी मुलांना हात धरून थोडे दूर उभे करू या. थवा बसलेलाच पाहू या.

तुमचा,
फादर